अंगावरचा तीळ चालायला लागला तर

संक्रांत होऊन पंधरवडा झाला होता. बेळगावातून आम्ही पाचजण तीन मोटारसायकली काढून जांबोटीच्या पुढं एका मित्राच्या गावी गेलो. त्यांच्या काजूच्या बागेची कड संपली की लगेच जंगल सुरू होतं. तीन दगडांची चूल, कोंबडी, काकूंनी बांधून दिलेल्या भाकरी आणि जेवण झाल्यावर खाली काहीही न अंथरता पाचोळ्यावर आडवं होणं, एवढाच कार्यक्रम. संध्याकाळी मित्राच्या अंगणात चहा पीत बसलो होतो, तेव्हा एकानं शर्ट वर करून कमरेपाशी खाजवलं. शेजारी बसलेला म्हणाला, "हा तीळ कधीपासनं रे तुला?"

"कुठला तीळ?"

तेवढ्यात तीळ जरासा सरकला.

मग चहा राहिला बाजूला. प्रत्येकजण आपापलं अंग तपासायला लागला. पाचजणांत मिळून सात गोचिडी निघाल्या. पाच नुसत्याच फिरत होत्या, दोन मात्र पक्क्या बसल्या होत्या. एक गुडघ्याच्या मागच्या खोबणीत आणि एक इलॅस्टिकच्या पट्टीखाली. सगळ्या तिळाएवढ्या, दोन-तीन तर त्याहून बारीक.

उपायांना तोटा नव्हता. काकूंनी चुन्याची डबी पुढं केली. मित्राचे वडील म्हणाले, तंबाखू मळून लावा, आपोआप सोडते. एकानं काडेपेटी काढली. एकाला रॉकेल आठवलं, पण आता रॉकेल आहे कुणाच्या घरात? मी यातलं काहीच करू दिलं नाही. त्यात माझं शहाणपण फारसं नाही. लहानपणी आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि माझ्या पोटरीवर एकदा अगरबत्तीचा प्रयोग झालेला आहे. गोचीड जागची हलली नव्हती. चटक्याचा डाग अजून आहे.

त्या दिवशी दर दोन मिनिटांनी कुणीतरी "हे का नको, ते का नको" विचारत होतं. तेव्हा गडबडीत जे धड सांगता आलं नाही, ते इथं सावकाश सांगतो.

ती येते कुठून

आपण गोचिडीला किडा म्हणतो, पण तिची सोयरीक कोळ्याशी आणि विंचवाशी. पाय मोजले तर आठ. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच असतात, दोन पाय पुढं कात टाकल्यावर येतात. पंख नाहीत. उडीही मारता येत नाही. झाडावरून टपकन अंगावर पडते, हाही गैरसमजच. मानेवर सापडली की वाटतं फांदीवरून पडली असेल. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा घोट्यापाशी किंवा गुडघ्यापाशी चढलेली असते आणि मऊ कातडी शोधत कपड्याच्या आतून निवांत वर चालत गेलेली असते.

उडणं नाही, पळणं नाही, मग शिकार मिळते कशी? तर थांबून. गवताच्या पात्यावर, झुडपाच्या टोकावर ती चढते, मागच्या पायांनी पातं धरते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. फाट्यावर लाल बसला हात करून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढं आणा, अगदी तसं. त्या पुढच्या पायांच्या टोकाशी तिचं नाक असतं म्हणायला हरकत नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास हे सगळं तिला त्या पायांनी कळतं. कुणी घासून गेलं की ती चटकन पकडते. घासून न जाता कुणी जवळच बसून राहिलं, तर ती चालतही येते. पाच माणसं दीड तास एकाच जागी पाचोळ्यात लोळत गप्पा हाणत होती. आता विचार केला तर सातच सापडल्या हे आमचं नशीब.

गाई-म्हशी नेहमी जातात त्या वाटांच्या कडा, कमरेएवढं गवत, ओलसर सावलीतला पाचोळा या तिच्या जागा. मोकळ्या, तापलेल्या कातळावर ती सहसा टिकत नाही, कारण अंगातलं पाणी उडून गेलं की ती मरते.

आता तोंडाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तोंडाच्या पुढं कातडी कापणारी बारीक हत्यारं असतात आणि मधे एक सोंड. त्या सोंडेवर उलट्या दिशेला वळलेले दात असतात, मासे धरायच्या गळाला उलटा काटा असतो तसे. सोंड आत सहज जाते, बाहेर सहज येत नाही. बऱ्याच जातींच्या गोचिडी वरून लाळेतला डिंकासारखा पदार्थ सोडून स्वतःला चिकटवूनही घेतात. एखादा माणूस पिच्छाच सोडत नसला की "गोचिडीसारखा चिकटलाय" म्हणतो आपण, ते उगीच नाही. त्याच लाळेत कातडी बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थही असतात. डास चावला की आपला हात आपसूक तिकडं जातो. गोचीड चावल्याचं कळतच नाही, आणि ती तासन्‌तास नव्हे तर दिवसचे दिवस पीत बसते.

फुगलेली दिसते, धोक्याची दिसत नाही

गोचीड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गाईच्या कासेजवळची ती फुगलेली, करड्या रंगाची, एरंडाच्या बीएवढी गोचीड येते. गोठ्यात सर्रास दिसणारी ती जात बहुधा आख्खा जन्म एकाच जनावरावर काढते. जंगलात आपल्या अंगावर चढते ती मंडळी वेगळी. ती आयुष्यात तीनदाच जेवते आणि प्रत्येक जेवण वेगळ्या यजमानाकडं. हा तीन जेवणांचा हिशेब नीट ध्यानात घेतला की कुठल्या महिन्यात सांभाळायचं ते आपोआप कळतं.

पहिलं जेवण पिल्लाचं. पावसाळा संपता संपता अंडी फुटतात आणि दिवाळीच्या सुमारास गवतावर पिल्लांचे झुबके दिसायला लागतात. एकेक पिल्लू खसखशीएवढं. ते उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड अशा कुणाच्याही अंगावर चढतं, रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं. मग होतो निम्फ, म्हणजे धड पिल्लू नाही आणि धड मोठीही नाही अशी मधली अवस्था. तिळाएवढी. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत जंगलात या निम्फांचं राज्य. त्याचं जेवण माकडाकडं, वानराकडं, खारीकडं आणि वाटेत आलाच तर तुमच्या-माझ्याकडं. त्यानंतर पुन्हा कात, आणि पाऊस लागला की पूर्ण वाढलेली गोचीड. तिला मोठी जनावरं लागतात, म्हणजे चरायला सोडलेली गुरं, गवे, सांबर. मादी पोट फुटेस्तोवर रक्त पिते, खाली पडते, हजारावर अंडी घालते आणि मरते.

आपण घाबरतो पावसाळ्यात. चोर्ल्याचे धबधबे बघायला जाताना खिशात मिठाची पुडी ठेवतो, कारण जळवा. जळू दिसायला भयंकर, पण रक्त पिऊन आपल्या वाटेनं जाते आणि आपल्याकडं तरी सहसा मागं आजार ठेवून जात नाही. (मीठ जळवेला चालतं, गोचिडीला चालत नाही, हे जाता जाता.) पावसाळ्यातली मोठी गोचीड चटकन दिसते, हाताला लागते. जानेवारी ते मे या काळात जंगल कोरडं, आभाळ निरभ्र, जळवा गायब, आणि आपण बिनधास्त. काजू वेचणं, जळण आणणं, गोठ्यात अंथरायला पाचोळा गोळा करणं, करवंदं-जांभळं, गावोगावच्या यात्रा, रविवारची चुलीवरची कोंबडी हे सगळं याच महिन्यांत. आणि तीळही याच महिन्यांत चालतात.

माकडताप

निम्फाला एवढं महत्त्व देण्याचं कारण म्हणजे माकडताप. कन्नडमध्ये मंगन कायिले. डॉक्टरी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कागदोपत्री केएफडी. क्यासनूर हे शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातलं गाव. 1957 साली त्या भागातल्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. माकडं मरताहेत म्हटल्यावर आफ्रिका-अमेरिकेतला पीतज्वर भारतात आला की काय, अशी आधी शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं शोध घेतला तेव्हा निघाला वेगळाच, तोवर कुणालाच माहीत नसलेला विषाणू. आणि तो पसरवणारी मुख्य गोचीड म्हणजे हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा. नाव लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही.

कितीतरी वर्षं हा आजार शिवमोग्गा आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांपुरता होता. बेळगावकरांना वाटायचं, ते तिकडं लांब मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या डोंगरी मुलखात. मग 2012 नंतर तो वायनाड, निलगिरी असा सह्याद्रीभर दिसायला लागला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. सत्तरीत काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांना तो झाला. नकाशा उघडून बघा. सत्तरी, दोडामार्ग आणि आपला खानापूर तालुका चोर्ला घाटाच्या आसपास एकमेकांना खेटून आहेत. भीमगडचं जंगल खाली गोव्याच्या जंगलाला जोडलेलं आहे. तीन राज्यांच्या पाट्या माणसांसाठी. वानरांच्या टोळीला आणि तिच्या अंगावरच्या गोचिडींना एकच जंगल.

साखळी अशी. विषाणू असलेल्या माकडाचं किंवा उंदराचं रक्त पिल्लू पितं. विषाणू त्याच्या पोटात शिरतो आणि कात टाकली तरी आत टिकून राहतो. पुढं तेच पिल्लू निम्फ होऊन दुसऱ्या कुणाला चावतं, तेव्हा लाळेतून विषाणू पुढं सरकतो. पूर्ण वाढलेली गोचीड बहुतेक गुरांकडं वळते आणि गुरांना या आजाराचं सहसा काही होत नाही. म्हणून माणसाच्या दृष्टीनं खरा कळीचा गडी निम्फ. गुरांचा दोष म्हणायचा तर एवढाच की ती मोठ्या गोचिडींना पोटभर जेवू घालतात, त्यामुळं अंडी भरपूर पडतात, आणि जंगलातल्या गोचिडी ती गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडतात.

माकड मात्र या सगळ्यात मरतं. लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर, दोघंही. ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गार होत चाललेलं अंग सोडून आजूबाजूच्या पाचोळ्यात उतरतात. म्हणजे मेलेल्या माकडाभोवतीची जागा ही भुकेल्या, विषाणू बाळगणाऱ्या गोचिडींची जत्रा. म्हणूनच अशा जागेभोवती साधारण 50 मीटरपर्यंत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन फोटो काढत बसू नका. हात लावू नका, काठीनं ढकलू नका, भक्तिभावानं पुरायलाही जाऊ नका. माकड मेलं की मारुतीराया मानून त्याला माती द्यायची आपल्या गावांत पद्धत आहे. भावना मला कळते, पण इथं ती महागात पडू शकते. जागा लक्षात ठेवून मागं फिरा आणि वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप चढतो. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, अंग ठणकतं, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येतं. बरेच जण आठ-पंधरा दिवसांत उठून बसतात. पण शंभरातल्या दहा-वीस जणांना आठवडा-दोन आठवडे बरं वाटल्यावर पुन्हा ताप येतो आणि या खेपेला तो डोक्यात शिरतो. मान ताठते, हात थरथरतात, दिसायला गडबड होते, बडबड सुरू होते. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमकं औषध नाही. सलाइन, रक्तदाबावर लक्ष, प्लेटलेट कमी झाल्या तर त्याची तजवीज, असा आधार देऊन शरीराला लढू द्यायचं. आधी बाधित गावांत लस देत असत. तिचा गुण पुरेसा नाही असं दिसल्यावर ती थांबली, नवीन लशीवर काम चालू आहे.

एक दिलासा असा की माणसापासून माणसाला तो होत नाही. दुसरा असा की अंगावर चढलेल्या प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो, बहुतेकींत नसतोच. आमच्यापैकी कुणालाच पुढं माकडताप झाला नाही. पण हे आम्हाला नंतर कळलं, त्या संध्याकाळी तोंडावर बघून कुणालाच सांगता आलं नसतं.

विदेशी व्हिडिओ बघून काहीजण अंगावर गोल गोल लाल चकती शोधत बसतात. ती लाइम नावाच्या आजाराची खूण. तो मुख्यतः अमेरिका-युरोपातला, आपल्याकडं त्याच्या नोंदी तुरळक. आपल्या भागात माकडतापाखेरीज विचार करायचा तो गोचीड-तापाचा, म्हणजे टिक टायफसचा. त्यात तापाबरोबर अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि कधी चावल्या जागी काळी खपली धरते. त्याचाच चुलतभाऊ म्हणावा असा स्क्रब टायफस. तो गोचिडीनं होत नाही, त्याहून बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांमुळं होतो. या दोन्हींवर डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त, जुनं औषध उत्तम चालतं, फक्त डॉक्टरला वेळेवर संशय यायला हवा. तो संशय यावा म्हणून आपण काय सांगायचं, ते शेवटी येतंच.

काढायची कशी

भुवया कोरायचा प्लकर. घराघरांत असतो, आणि मित्राच्या बहिणीकडं होताच. टोकं बारीक असलेला कुठलाही चिमटा चालतो.

गुडघ्यामागच्या गोचिडीला मी तो लावला तेव्हा चौघांनी मोबाइलचे टॉर्च धरले होते, जणू आत ऑपरेशन चाललंय. चिमटा कातडीला अगदी टेकवून, गोचिडीचं पोट सोडून, जिथं तोंड आत रुतलंय तिथं धरायचा. मग सरळ वर, एकसारख्या ओढीनं. हिसका नाही, पिळणं नाही. "फिरवून काढ की रे, काय करूलास?" असं मागून कुणीतरी ओरडलंच. ती स्क्रू नव्हे, गळ आहे. फिरवलं तर तोंड तुटून आत राहायचा संभव वाढतो. ओढताना कातडी जराशी वर उचलली जाते, तसंच धरून ठेवायचं, पाच-दहा सेकंदांत ती सोडते. सोडताना बारीकसा झटका हाताला कळतो.

आता चुना, तंबाखू, काडी, रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश यांचं काय बिघडतं? या सगळ्यांमागं विचार एकच, की तिला त्रास दिला की ती सोडून पळेल. पण ती घट्ट रुतलेली असते, चटकन सुटून पळणं तिला जमतच नाही. गुदमरवायचं म्हणाल तर तिचा श्वास इतका संथ चालतो की व्हॅसलीनखाली ती तासन्‌तास तग धरते. आणि त्रास झाल्यावर ती पोटातला ऐवज आणि लाळ आपल्या जखमेत ओकण्याची भीती असते. म्हणजे जे टाळायचं तेच आपण मागून घेतो. पोट दाबून, नखांत धरून ओढण्यातही तीच गोम आहे. चिमटा नसेल तर बोटांना रुमाल किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळून जमेल तितकं कातडीजवळ धरा, पण रात्रभर थांबू नका. काही आजारांत जंतू आत जायला बरेच तास लागतात. विषाणूच्या बाबतीत तेवढी सवलत मिळेलच असं धरून चालू नये.

तोंडाचा काळा ठिपका आत राहिलाच तर सुईनं उकरत बसू नका. काट्याचं कुसळ राहावं तसं ते राहतं आणि कातडी चार दिवसांत बाहेर टाकते. उकरलं तर मात्र पिकतं. जागा साबणानं धुवा, स्पिरिट किंवा बेटाडिन लावा. गोचीड नखावर चिरडायची सवय आपल्याला गोठ्यापासनं आहे, ती सोडा, कारण आतलं रक्त बोटाच्या चिरेत जाऊ शकतं. सेलोटेपवर चिकटवून टेप दुमडा, किंवा बाटलीच्या झाकणात स्पिरिट घेऊन त्यात टाका.

दिवाळीच्या सुमारास कधी कधी एकदम पन्नास-शंभर पिल्लं पायावर पसरतात, राखाडी धूळ चालावी तशी. तिथं प्लकरचा उपयोग नाही. सेलोटेपचा चिकट भाग दाबत, उचलत पाय साफ करा, मग साबण लावून चोळून धुवा. कानाच्या आत किंवा पापणीवर गोचीड बसली असेल तर घरगुती कसब दाखवू नका, सरळ डॉक्टरकडं जा.

जाण्याआधी, आल्यावर

हे मी थोडक्यात उरकतो, कारण माहीत सगळ्यांना असतं, करत कुणी नाही. फिक्या रंगाची फुल पँट, फुल शर्ट. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. दिसायला शाळेच्या परेडसारखं दिसतं, मित्र हसतात, हसू देत. फिक्या रंगावर चालता तीळ दिसतो, काळ्या जीन्सवर दिसत नाही. मलनाडातल्या बाधित गावांत आरोग्य खातं हातापायांना चोळायला डेपा नावाचं गोचीड पळवणारं तेल वाटतं. जंगलात शिरण्याआधी लावायचं आणि आल्यावर गरम पाण्यानं, साबणानं धुऊन टाकायचं. ते नसेल तर डीट हे रसायन असलेलं डास पळवायचं मलम घोट्यांना, पोटऱ्यांना, कमरेला लावा. थेट पाचोळ्यावर बसू नका, फिक्या रंगाची चादर अंथरा आणि उठताना ती झटका. कुत्रं सोबत नेलं असेल तर परतताना त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधल्या फटी बघा, नाहीतर ते घरभर वाटप करतं.

घरी आल्यावर कपडे थेट खाटेवर टाकायचे नाहीत. चांगल्या कढत पाण्यात बुडवा. गार पाण्याच्या धुण्यात गोचीड मजेत जगते. दोन तासांच्या आत आंघोळ केली तर अजून न रुतलेल्या वाहून जातात, आणि रुतलेल्या हाताला लागतात. काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यांमागच्या खोबणी, कानांमागं, केसांच्या कडा. पाठ स्वतःची दिसत नाही, तिथं बायको, आई, भाऊ, जो असेल त्याला बोलवा. पोरांच्या डोक्यातून बोटं फिरवून बघा.

तारीख आणि एक कन्नड वाक्य

त्या रात्री परत निघायच्या आधी आम्ही एक काम केलं. ज्या दोघांना गोचिडी चिकटल्या होत्या, त्यांनी मोबाइलवर तारीख, अंगावरची जागा आणि गावाचं नाव लिहून ठेवलं. एकानं घरी गेल्यावर कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि पुढच्या चौदा दिवसांवर रोज एक काट मारत गेला. मधे दहाव्या दिवशी त्याला ताप आला. आम्हा सगळ्यांचीच झोप उडाली. निघाली साधी सर्दी, पण तपासणीला गेला ते बरंच झालं. गोचीड चावलीय एवढ्यावरून, ताप नसताना, आपल्या मनानं अँटिबायोटिक मात्र घेऊ नये. माकडतापावर ते चालतही नाही.

दोन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढायचा नाही. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालेल, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको, कारण प्लेटलेट कमी असतील तर त्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं की मी जंगलात गेलो होतो, अमुक तारखेला गोचीड चावली. गोचीड दिसली नसली तरी जंगलात गेल्याचं सांगायचंच, कारण तिळाएवढी ती पिऊन गळून पडली असेल तर तुम्हाला पत्ताही लागलेला नसतो. नुसतं "ताप आलाय" म्हटलं तर डॉक्टर आधी डेंगी, मलेरिया, टायफॉइड शोधणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. जंगल आणि गोचीड हे दोन शब्द कानावर पडले की तपासणीची दिशा बदलते. माकडतापाची आरटी-पीसीआर तपासणी पहिल्या काही दिवसांतच नीट उतरते, पुढं रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. म्हणून तारखेला एवढं महत्त्व.

आणि आपल्या भागातली खास अडचण. आरोग्य केंद्रात समोर बसलेल्या डॉक्टरला किंवा नर्सबाईला मराठी येईलच असं नाही, आणि "गोचीड" हा शब्द तर मुळीच कळणार नाही. आपण मग "किडा चावला" म्हणून मोकळे होतो, आणि नेमकी कामाची गोष्टच निसटते. कन्नडमध्ये गोचिडीला उण्णी म्हणतात. मित्राच्या वडिलांनी त्या संध्याकाळी, चुन्याची डबी आत ठेवून दिल्यावर, आम्हा पाचजणांकडून एक वाक्य पाढ्यासारखं घोकून घेतलं. आमच्यातल्या, बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्याला ते तिसऱ्या खेपेला जमलं: "काडिगे होगिद्दे, उण्णी कडदैती." जंगलात गेलो होतो, गोचीड चावलीय.